टूथब्रशपलीकडची एथेल स्माइथ

आठ मार्च जवळ आला की आपल्या पत्रकांतून, पोस्टर प्रदर्शनांतून, शिबिरांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९१२ साल. लंडनचा हॉलोवे तुरुंग. मताधिकारासाठी खिडक्यांच्या काचा फोडून आत गेलेल्या बायका तुरुंगाच्या अंगणात आपलं कूचगीत गात फेऱ्या मारतायत, आणि वरच्या कोठडीच्या खिडकीतून त्या गाण्याची संगीतकार हातातल्या टूथब्रशने त्यांना ताल देतेय. गोष्ट खरी आहे. तिला भेटायला गेलेले प्रसिद्ध वाद्यवृंद संचालक थॉमस बीचम यांनी ती नंतर सांगितली. ऐकणाऱ्या बायका हसतात, टाळ्या वाजवतात. तुरुंगातही न दबणारी बाई कुणाला आवडणार नाही?

माझी तक्रार त्यानंतर सुरू होते. टाळ्या थांबतात आणि आपण पुढच्या पोस्टरकडे वळतो. या बाईने ते एक गाणं सोडून आणखी काय रचलं, हे कुणी विचारत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत मी किती तरी शिबिरं घेतली आणि ऐकली. हा प्रश्न एकदाही आला नाही. संगीताच्या इतिहासाने एथेल स्माइथला बाई म्हणून दाराबाहेर ठेवलं. आपण तिला आत घेतलं ते शूर बाई म्हणून, संगीतकार म्हणून नव्हे. दोन्हीचा परिणाम एकच झाला. तिचं काम न ऐकलेलं राहिलं.

तेव्हा आधी तिच्या कामाबद्दलच बोलू.

एथेल स्माइथचा जन्म १८५८ चा. वडील बंगाल तोफखान्यात नोकरी करून परतलेले फौजी अधिकारी, पुढे मेजर जनरल झालेले. मुलीने संगीताचं शिक्षण घ्यायला जर्मनीत जायचं म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. मुलीने घरातच असहकार पुकारला. स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, घरातल्या लोकांशी बोलणं टाकलं, मेजवान्यांना जाणं बंद केलं. अखेर वडिलांनी हात टेकले आणि १८७७ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ती लाइपझिगला पोचली. तिथल्या संगीत विद्यालयातलं शिक्षण तिला वर्षभरातच सुमार वाटलं. ते सोडून ती हाइनरिश फॉन हेर्त्सोगेनबर्ग यांच्याकडे खाजगीत शिकली. ब्राह्म्स, ग्रीग, क्लारा शूमान, चायकॉव्हस्की अशा लोकांच्या सहवासात ती वाढली. चायकॉव्हस्कींनी तर तिच्याबद्दल गांभीर्याने लिहून ठेवलं आहे. युरोपीय संगीतातल्या रोमँटिक कालखंडाचं हे उत्तरार्धाचं पर्व. मोठा वाद्यवृंद, मोठे भाव, निसर्ग, मृत्यू, बंड. स्माइथ याच घराण्यातली, म्हटलं तरी चालेल.

मताधिकाराच्या चळवळीत ती १९१० मध्ये आली, तेव्हा तिचं वय बावन्न होतं. तोवर तिच्या नावावर चौकडीसाठीच्या आणि पियानोच्या रचना, वाद्यवृंदाची सेरेनाड, सुमारे तासाभराचा मास आणि तीन ऑपेरा होते. म्हणजे आपण जिला चळवळीची गाणी लिहिणारी बाई म्हणून ओळखतो, ती तीस वर्षं संगीतकार होती आणि मग दोन वर्षं पूर्णवेळ कार्यकर्ती झाली. दोन वर्षंच देईन, असं तिने आधीच ठरवलं होतं. तीस वर्षं पुसून दोनच का ठेवायची?

ऐकायचं काय?

मी संगीतातली जाणकार नाही. समाजकार्याच्या एम.ए.मध्ये संगीत शिकवत नाहीत आणि आमच्या घरी पाश्चात्त्य संगीत नव्हतंच. मी तिचं संगीत ऐकलं ते एकेक रचना पाच-सहा वेळा, कामावरून आल्यावर, कुणाला न विचारता. तेव्हा जे सांगते ते शास्त्र म्हणून घेऊ नका, एका ऐकणारणीचं म्हणणं म्हणून घ्या.

मास म्हणजे आपल्या वसईचे ख्रिस्ती लोक ज्याला मिस्सा म्हणतात त्या उपासनेचे लॅटिन शब्द, गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी बांधलेले. स्माइथचा 'मास इन डी' १८९३ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा झाला. तो कसा सुरू होतो ते ऐका. खालच्या पट्टीतले पुरुषी आवाज, अगदी दबलेले, 'प्रभू, दया कर' एवढंच म्हणतायत. मग एकेक आवाज त्यावर चढत जातो. दयेची याचना वाढत वाढत अशा ठिकाणी पोचते की ती याचना राहत नाही, मागणी होते. मोर्चा चौकातून मुख्य रस्त्यावर वळताना घोषणा कशी बदलते, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पुढे एका ठिकाणी सगळा गदारोळ शांत होतो आणि एकटी सोप्रानो गाते, तिच्या मागे फक्त बायकांचे आवाज. उपासनेच्या क्रमात 'ग्लोरिया' दुसरा येतो. स्माइथने तो शेवटी गायला लावला. शेवट क्षमायाचनेवर न होता आनंदावर व्हावा, असा या फेरबदलाचा अर्थ मी लावते.

दुसरी रचना 'द रेकर्स' हा ऑपेरा. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं एक गरीब गाव. वादळात दीपस्तंभ विझवायचा, जहाजं खडकांवर आपटू द्यायची आणि माल लुटायचा, यावर गाव जगतं आणि धर्मोपदेशक त्याला देवाची कृपा म्हणतो. त्या उपदेशकाची बायको थर्झा आणि तिचा प्रियकर मार्क जहाजांना सावध करायला लपूनछपून आगी पेटवतात. पकडले जातात. गाव स्वतःच न्यायनिवाडा करतं आणि दोघांना समुद्राकाठच्या गुहेत भरतीच्या पाण्यात बुडायला सोडतं. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या बाईची केस ज्यांनी हाताळली आहे त्यांनी हा शेवटचा अंक जरूर ऐकावा. गावाचा कोरस इथे नुसता साथीला नाही, तो आरोपीही आहे आणि न्यायाधीशही. आणि तरी स्माइथ त्या गावाला राक्षस करत नाही. त्यांची भूक तिच्या संगीतात ऐकू येते.

हे सगळं जड वाटत असेल तर 'द बोट्सन्स मेट' घ्या. खाणावळ चालवणारी विधवा मिसेस वॉटर्स, आणि तिच्या मागे लागलेला एक निवृत्त खलाशी. आपण तिला चोरापासून वाचवलं की ती लग्नाला हो म्हणेल, म्हणून तो एका माणसाला खोटा चोर बनवून रात्री तिच्या घरात घुसवतो. बाई चोराला स्वतःच पकडते आणि उलट खलाशाचीच फजिती करते. १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या विनोदी ऑपेराचं संहितालेखनही स्माइथचंच. सुरुवातीच्या वाद्यसंगीतात तिने मताधिकार चळवळीच्या आपल्या कूचगीताची चाल गुंफून टाकली आहे. म्हणजे ते गाणंसुद्धा कसं ऐकायचं, हे तीच सांगते: एका मोठ्या कामातला एक धागा म्हणून.

काम कसं दाबलं गेलं

'दर्जा असता तर टिकलं असतं', असं आपल्याला ऐकवलं जातं. बायकांच्या बाबतीत हे वाक्य किती सहज वापरलं जातं, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून प्रत्यक्षात काय घडलं ते पाहू.

'मास'चा तो पहिला प्रयोग व्हायला फ्रान्सच्या माजी सम्राज्ञी युजेनी यांचं वजन खर्ची पडलं. प्रयोग झाला, श्रोत्यांना आवडला आणि त्यानंतर एकतीस वर्षं तो कुणी केला नाही. दुसरा प्रयोग १९२४ चा. 'द रेकर्स' १९०६ मध्ये लाइपझिगला झाला तेव्हा संचालकाने शेवटच्या अंकाची कापाकापी केली. स्माइथने ती दुरुस्त करायला सांगितलं, त्याने नकार दिला. तेव्हा तिने वादकांच्या जागेवर जाऊन सगळे स्वरलेखनाचे कागद गोळा केले आणि आगगाडीने प्राग गाठलं. याला कुणी विक्षिप्तपणा म्हणतात. मी याला आपल्या श्रमावरचा हक्क म्हणते. तिचा 'डेर वाल्ड' १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला. त्या रंगमंचावर बाईने रचलेला दुसरा ऑपेरा यायला २०१६ साल उजाडावं लागलं. मध्ये एकशे तेरा वर्षं गेली. या काळात बायकांनी ऑपेरा रचले नाहीत, असं कुणी म्हणेल का?

त्यात १९१४ चं महायुद्ध आलं. तिची सगळी भिस्त जर्मन नाट्यगृहांवर होती, तिथले ठरलेले प्रयोग रद्द झाले. इंग्लंडमध्ये तर संगीताची सत्ता विद्यापीठं, मोठी चर्चेस आणि महोत्सवांच्या समित्या यांच्यात वाटलेली. तिथल्या खुर्च्यांवर बाई नव्हती, त्यामुळे एकमेकांची नावं पुढे सरकवणाऱ्या साखळीतही ती नव्हती. वाद्यवृंदात वाजवायलाही बायका नकोशा होत्या. लंडनच्या हेन्री वुड यांनी १९१३ मध्ये सहा बायका घेतल्या, तर त्याचीच केवढी चर्चा झाली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने बाईला सभासद करून घेतलं ते १९९७ मध्ये. आपल्यातल्या पुष्कळ जणी तेव्हा चळवळीत होत्या.

आणि समीक्षा? तिथे दोन्हीकडून मार. स्माइथने कोमल काही रचलं तर ते बायकी आणि किरकोळ. जोरकस रचलं तर ते बाईला न शोभणारं. बर्नार्ड शॉ तिचे खरे चाहते. 'मास' ऐकून त्यांनी तिला कळवलं की बायकांना कलेत पुरुषांची कामं जमत नाहीत हा आपला भ्रम तिच्या संगीताने कायमचा घालवला. पण त्याच पत्रात त्यांचं असंही म्हणणं होतं की तिला मागे ठेवलं ते बायकी संगीताविषयीच्या पूर्वग्रहाने नव्हे, तर पुरुषी संगीताच्या धास्तीने. हेतू चांगला होता. पण नीट पाहा, स्तुती करायलाही शब्द 'पुरुषी' हाच लागला! आपल्याकडे धाडसी बाईला 'मर्दानी' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मोजायची पट्टी त्यांचीच राहते, फक्त एखाद्या बाईला अपवाद म्हणून तीवर पास करतात.

१९२२ मध्ये तिला 'डेम' हा किताब मिळाला. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री संगीतकार. पण तोवर तिचे कान जात चालले होते. शेवटची मोठी रचना 'द प्रिझन' १९३० ची. कोठडीतला कैदी आणि त्याचा आत्मा यांचा हा संवाद. कैद्याचा आवाज पुरुषाचा, आत्म्याचा बाईचा. जवळजवळ बहिऱ्या झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे रचलं. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघायला २०२० साल उजाडलं, आणि २०२१ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्न महोत्सवात 'द रेकर्स' मूळ फ्रेंच संहितेसह झाला. म्हणजे संगीत कुजलं नव्हतं, कपाटात बंद होतं. हे आठ-दहा वर्षांतलं बरं वळण आहे, पण स्माइथ १९४४ मध्येच गेली. हे ऐकायला ती नव्हती.

'हे आपल्याला कशाला?'

आता आपल्याच मैत्रिणींच्या आक्षेपांकडे येते.

पहिला आक्षेप वर्गाचा. ही उच्चभ्रू गोरी बाई, जनरलची मुलगी, घोड्यावरून शिकारीला जाणारी, पैसेवाल्या मैत्रिणींच्या आधाराने जगलेली. तिच्याशी आपलं काय नातं? आक्षेप खरा आहे, तो झाकायचं कारण नाही. बापाच्या नोकरीत आपल्या देशाची लूट होती. तिने १९१२ मध्ये काच फोडली ती वसाहतींच्या मंत्र्याच्या घराची, पण वसाहतीतल्या बायकांसाठी नव्हे. हे सगळं नोंदवूनच तिचं संगीत ऐकावं. मात्र यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. पैसा, ओळखी, शिक्षण, सम्राज्ञीची शिफारस आणि जिद्द एवढं असूनही एका बाईचा 'मास' एकतीस वर्षं पडून राहतो, तर ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्यांच्या रचनांचं काय झालं असेल? स्माइथची कहाणी त्या न लिहिल्या गेलेल्या कामाची कल्पना देते.

दुसरा आक्षेप धर्माचा. चर्चचं संगीत स्त्रीवादी कसं? मग जनाबाईचे अभंग आपण कशाला गातो? बाईने त्या चौकटीत काय भरलं ते पाहायचं असतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि मला सगळ्यांत जास्त खटकतो. 'हिंसाचाराच्या केसेस पडल्यात, रेशनचा प्रश्न आहे, संगीत ऐकायला वेळ कुणाला?' मीही समुपदेशन केंद्रात बसते. केस ऐकून आल्यावर जेवण जात नाही, असे दिवस मलाही माहीत आहेत. पण ही भाषा कुठून आली ते तपासू या. बाईने भाकरी थापावी, पोरं सांभाळावीत, आणि वेळ उरलाच तर गुणगुणावं, हे घरात सांगितलं जातं. तेच आपण चळवळीत सांगणार का? बाईचा उपयोग असेल तेवढीच तिची किंमत, हा हिशोब आपण घरात नाकारला. गाणं मोर्चाला उपयोगी असेल तेवढंच ऐकायचं, हा हिशोबही मग नाकारायला हवा. स्माइथच्या कूचगीताला आपण आठवतो कारण ते कामाला येतं. तिच्या 'मास'ला विसरतो कारण तो कुठल्याच मोर्चात बसत नाही. बाईला कामाला न येणारं, नुसतं सुंदर आणि अवघड असं काही करायचा हक्क आहे की नाही? मला हा हक्क संपत्तीतल्या वाट्याइतकाच खरा वाटतो.

आपल्या घरातलं

दूर कशाला जायचं? महाराष्ट्रात गाणाऱ्या बायकांना तोटा नव्हता. पण गाणारी बाई आणि रचणारी बाई, यांत आपणही भेद करत आलो. लता मंगेशकरांचा आवाज घराघरात आहे. त्यांनी 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावाने. कारण काहीही असो, संगीतकाराच्या जागी बाईचं नाव आलं नाही. प्रभा अत्रे यांनी आपल्या बंदिशींची पुस्तकं काढली, पण त्यांची ओळख सांगताना लोक 'गायिका' म्हणून थांबतात.

आणि चळवळीतली गाणी? तुमच्या संघटनेची गाण्यांची वही उघडून पाहा. मी पाहिल्या त्या वह्यांत कवीचं नाव कधी असतं, कधी नसतं. चाल कुणाची, हे जवळजवळ कधीच नसतं. कुणीतरी वस्तीतल्या बैठकीत ती बसवलेली असते, दुसरीने त्यात वळण घातलेलं असतं. आपण म्हणतो 'चाल पारंपरिक', 'गाणं सगळ्यांचं'. सामूहिकता चांगली गोष्ट आहे. पण सामूहिकतेच्या नावाखाली बाईचं नाव गाळायची सवय आपण कुणाकडून उचलली? हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या तेव्हा गाणारणीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. ओवी परंपरेची, तरी ती गाणारी बाई निनावी नाही, हे त्यांना कळत होतं. हे करता येतं. करायचं ठरवावं लागतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या आपल्याकडेच आहेत. येत्या आठ मार्चला टूथब्रशची गोष्ट जरूर सांगा, पण त्याच बैठकीत 'मास'ची पहिली दहा मिनिटं ऐकवा. मोबाइल आणि एक स्पीकर पुरतो. ऐकून झाल्यावर 'ती किती शूर होती' असं न विचारता 'तुम्हाला काय ऐकू आलं?' असं विचारा. कुणाला आवडणार नाही, तेही बोलू द्या. बाईच्या कामाला नापसंत करणं हाही ते गांभीर्याने घेण्याचाच भाग आहे. कीव आणि कौतुक तर तिला आयुष्यभर मिळालंच. आणि गाण्यांची वही पुढच्या वेळी छापायला द्याल तेव्हा, अजून हयात असलेल्या मैत्रिणींना विचारून, प्रत्येक गाण्याखाली दोन नावं लिहा: शब्द कुणाचे आणि चाल कुणाची.